कोयता कुठल्या रकान्यात?

दसऱ्याला आठवडा राहिला होता. बीड जिल्ह्यातल्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात असंघटित कामगारांची नोंदणी चालली होती आणि मी मदतीला बसले होते. ऊसतोडीच्या टोळ्या पुढच्या पंधरवड्यात निघायच्या, त्यामुळे रांग फाटकाच्या बाहेर गेलेली. टेबलापाशी आलेल्या बाईला ऑपरेटरने विचारलं, “मावशी, काम काय करता?”

“आमचा कोयता हाय.”

त्याने पडद्यावरची यादी खालीवर केली. “शेतमजूर टाकू का?”

“शेतमजुरी गावात असल्यावर. खुरपायला जाते, कापूस वेचते, ती शेतमजुरी. ह्यो कोयता. सहा महिने कारखान्यावर.”

पोरगा भला होता, पण मागे चाळीस माणसं ताटकळत होती. त्याने ‘शेतमजूर’वर बोट ठेवलं आणि पुढच्याला बोलावलं. पुढचा तिचा नवरा. त्याला न विचारताच तेच टाकलं गेलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा, खाडा पडला तर कापून घेतात तोही कोयत्याकडून. फडात ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडे साखर जास्त असते. वर खुंट राहिला तर कारखान्याचं नुकसान. मग शेंड्याचं वाढं कापायचं, पाचट सोलायचं, वाढ्याच्याच बांधाने मोळी आवळायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवायची. मोळी सैल बांधली तर फळीवरच सुटते. त्या बाईला मी रांगेबाहेर बसवून विचारलं, तेव्हा तिने हे सगळं एका दमात सांगितलं आणि वर म्हणाली, “गाडी रातीची आली तर रातीचीच भरायची, ते बी लिवा.”

ते कुठेच लिहिलं गेलं नाही, कारण लिहायला जागाच नव्हती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय वर्गीकरणात ती ९२११ या गटात बसते: पिकांवर काम करणारे शेतमजूर. आपल्या देशातली रोजगाराची मुख्य पाहणी, म्हणजे पीएलएफएस, व्यवसायाचे तीनच अंक नोंदवते. त्यात तो गट ९२१ होतो आणि मग शेती, वनकाम आणि मत्स्यव्यवसाय या तिन्हींतले मजूर एका खणात येतात. बीडहून निघालेला कोयता आणि रत्नागिरीला मासळीच्या कामावरचा मजूर आकडेवारीत एकच होतात.

गेली अठरा वर्षं मी पाहण्यांमध्ये लोकांनी सांगितलेल्या कामांना कोड टाकण्याचं काम करते. माणूस आपलं काम आपल्या शब्दांत सांगतो, अन्वेषक ते फॉर्मवर उतरवतो आणि आमच्यासारखे लोक त्याचा अंक करतात. आता हे काम संगणकाकडे जाणार, काही देशांत गेलंही आहे, आणि व्यवसायांची यादी दुरुस्त करण्याचं कामसुद्धा डेटा सायन्सने करावं असा आग्रह वाढतो आहे. माझा त्याला विरोध नाही. उलट हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण एका अटीवर: यंत्राला शिकवायला नोकऱ्यांच्या जाहिराती न वापरता काम करणाऱ्यांच्या तोंडचे शब्द वापरा, आणि त्यासाठी आधी ते शब्द जपून ठेवा. आज आपण ते कोड टाकून झाल्यावर फेकून देतो.

हा आग्रह कुठून आला ते आधी पाहू, कारण त्यामागे खरी अडचण आहे. आपलं राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण पहिल्यांदा १९४६ साली मार्गदर्शिकेच्या रूपात आलं. मग १९५८, १९६८, २००४ आणि २०१५. म्हणजे १९६८ नंतरची पुढची आवृत्ती यायला छत्तीस वर्षं लागली. या छत्तीस वर्षांत मुंबईत काय झालं ते आठवा. १९८२चा संप झाला, अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, गिरण्या एकेक करत बंद पडत गेल्या. साचेवाला, जॉबर, बदली कामगार हे शब्द गिरणगावातून विरत गेले. त्यांची पोरं कुरिअरमध्ये लागली, सोसायट्यांच्या गेटवर सिक्युरिटीला उभी राहिली, झेरॉक्सची दुकानं टाकून बसली, केबलच्या वायरी ओढू लागली. एसटीडी बूथ नावाचा एक अख्खा धंदा वाढला आणि नवी यादी आली तेव्हा मोबाइलने तो संपतही आणला होता. एवढा काळ व्यवसायांची राष्ट्रीय यादी १९६८चीच होती.

२०१५च्या आवृत्तीत ५२ क्षेत्रांतले सुमारे ३,६०० व्यवसाय आहेत आणि प्रत्येकाला आठ अंकी कोड आहे. पहिले चार अंक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळवलेले. ती चांगली मेहनत आहे, मी रोज वापरते. पण ती आली तेव्हा घरोघरी जेवण पोचवणारी ॲपं आपल्या शहरांत नुकती रुजत होती. आज संध्याकाळी सातनंतर पुण्यात कुठल्याही सिग्नलला उभं राहिलं की पाठीवर चौकोनी पिशव्या घेतलेली पोरं दिसतात. त्यांना कोणता कोड? आंतरराष्ट्रीय चौकटीत मोटरसायकल चालवणारे ८३२१ मध्ये, पार्सल पोचवणारे, निरोपे आणि सामानाचे हमाल ९६२१ मध्ये, पायडलवर वाहन चालवणारे ९३३१ मध्ये. ॲप एक, काम एक, मोबदल्याची पद्धत एक, पण वाहन बदललं की व्यवसाय बदलतो. नीती आयोगाने २०२२ साली गिग कामगारांवर (ही ॲपवरची पोरं त्यांतलीच) अहवाल काढला, तेव्हा त्यांची थेट मोजदाद हाती नव्हती. मग व्यवसाय आणि उद्योगांचे कोड, वय, शिक्षण असे निकष लावून अंदाज बांधावा लागला: २०२०-२१ मध्ये ७७ लाख. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या २०२० सालीच आली. कायद्यात ज्याची व्याख्या आहे त्याला मोजायला सरळ खण नाही, तेव्हा त्याच्यासाठीच्या निधीचा हिशेब कशावर मांडणार?

यादी जुनी राहिली की काय होतं याचा सगळ्यात बोलका दाखला अमेरिकेतला आहे. तिथे व्यवसायांचा एक सरकारी कोश होता, पहिली आवृत्ती १९३९ची आणि शेवटची सुधारणा १९९१ची. त्याची जागा पुढे दुसऱ्या, सतत अद्ययावत होणाऱ्या संचाने घेतली. पण अपंगत्वाच्या भत्त्याचे निर्णय त्यानंतरही वर्षानुवर्षं त्याच जुन्या कोशावर होत राहिले. आजारी माणसाला सांगायचे, तुला जुनं काम जमत नसलं तरी सुकामेव्यातले दाणे निवडायचं काम बसून करता येईल, ते कोशात आहे, म्हणून भत्ता नाही. असं काम प्रत्यक्षात किती जण करतात, हे कोश सांगत नव्हता. शेवटी २०२४च्या जूनमध्ये तिथल्या सामाजिक सुरक्षा विभागाने अशा ११४ व्यवसायांवर बोट ठेवून भत्ता नाकारणं बंद केलं. मधल्या काळात ज्यांचे अर्ज फेटाळले गेले, त्यांच्या घरात काय झालं असेल ते आपण कल्पनेनेच समजायचं.

तेव्हा यादी जिवंत राहायला हवी आणि छत्तीस काय, दहा वर्षांनी नेमलेली समितीसुद्धा पुरी पडणार नाही. इथे यंत्राचा खरा उपयोग आहे. ते काय करतं हे साध्या शब्दांत सांगायचं तर, लाखो वर्णनं वाचतं आणि कोणते शब्द कोणत्या शब्दांच्या शेजारी येतात यावरून प्रत्येक वर्णनाला एक जागा देतं. सारखी कामं जवळजवळ येतात. एखाद्या जागी गर्दी झाली आणि तिथे यादीतलं एकही नाव नसलं, तर यंत्र खूण करतं: इथे काहीतरी नवं आहे, बघा. जुन्या नावाभोवती कोणीच उरलं नसेल तर तेही दाखवतं.

युरोपीय संघाने हे मार्गी लावलं आहे. त्यांचं एस्को नावाचं वर्गीकरण आहे, त्यात तीन हजारांवर व्यवसाय आणि तेरा हजारांहून जास्त कौशल्यं आहेत आणि ती २८ भाषांत आहेत. पहिली पूर्ण आवृत्ती २०१७ची, मग २०२२, मग २०२४. पर्यावरणपूरक कौशल्यं कोणती हे ठरवताना त्यांनी यंत्राकडून निवड करून घेतली आणि माणसांकडून तपासून घेतली. मला त्यांची आणखी एक गोष्ट आवडते. तिथे प्रत्येक व्यवसायाला एक मुख्य नाव असतं आणि खाली पर्यायी नावांची रांग असते, प्रत्येक भाषेत वेगळी. लोक ज्या नावाने हाक मारतात ती सगळी नावं एका जागी. याकडे मी परत येणार आहे.

ब्रिटनमध्ये २०१८ साली नेस्टा या संस्थेने तर सगळी कौशल्यांची यादीच जाहिरातींतून काढली. ४ कोटी १० लाख ऑनलाइन जाहिराती वाचून सुमारे साडेदहा हजार कौशल्यांचं झाड उभं केलं. काम वाखाणण्यासारखं आहे. तिथे नोकरी शोधणारा जाहिरात पाहतो, कंपनी जाहिरात देते, म्हणून जाहिरात हा तिथल्या कामाचा बऱ्यापैकी खरा आरसा आहे.

आता हाच मार्ग इथे जसाच्या तसा घेतला तर? ई-श्रम पोर्टलवर ३० कोटींहून जास्त असंघटित कामगारांची नोंद आहे. त्यांतल्या किती जणांनी जाहिरात वाचून काम मिळवलं असेल? ऊसतोडीला मुकादम सांगावा धाडतो. बिगारी सकाळी नाक्यावर उभा राहतो. धुणंभांडी करणाऱ्या बाईला शेजारच्या विंगमधली बाई नेते. सेंट्रिंगवाल्याला त्याचा मेव्हणा आणतो. यातलं एकही काम कुठल्याही नोकरीच्या संकेतस्थळावर लागत नाही. जाहिरातींवर शिकलेलं यंत्र पुण्यातल्या हिंजवडीला भिंगातून पाहील, डेटा इंजिनिअरचे वीस पोटप्रकार करील आणि बीडमधल्या आष्टी-पाटोद्याकडे त्याची नजर कधी जाणारच नाही. त्याला तिथे रिकामी जागा दिसेल आणि रिकाम्या जागेला ते ‘मागणी नाही’ म्हणेल. मग प्रशिक्षणाचे पैसे कुठे जातील हे सांगायला यंत्र नको.

म्हणून शब्द. पाहणीत, नोंदणीत, जनगणनेत ‘काय काम करता?’ याचं जे उत्तर येतं तो आपला खरा साठा आहे. गेल्या अठरा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली उत्तरं मी आठवते: ‘सेंट्रिंगला जातो.’ ‘पोळ्या लाटते, चार घरच्या.’ ‘सीझनला कारखान्यावर असतो.’ ‘फॉलबिडिंग करते.’ ‘मेसचे डबे देते.’ ‘बोरची गाडी असते त्यावर.’ गोव्याच्या सीमेवरच्या गावांतून ‘पाडेली’ आलं, नारळ पाडणारा. ‘रेंदेर’ आलं, माडाची सूर काढणारा. प्रत्येक उत्तरात काय करतो, कुठे करतो, कधी करतो यातलं काहीतरी असतंच. अंक झाला की एवढंच उरतं की हा अमुक गटातला. फॉर्म गठ्ठ्यात जातो, गठ्ठा गोदामात जातो, मुदत संपली की रद्दीत. आता टॅबवर थेट यादीतूनच निवडायची सोय होते आहे, म्हणजे शब्द कागदावरसुद्धा उतरणार नाहीत. वेळ वाचतो म्हणून ही सुधारणा समजली जाते. ज्या साठ्यावर उद्याचं यंत्र शिकायचं, तो आपण आज जन्मालाच येऊ देत नाही.

यंत्राला मराठी जमेल का, असं कोणी विचारतं. जमेल, पण सोपं नाही, आणि कुठे अडेल ते मला रोजच्या कामातून दिसतं. ‘गाडीवर असतो’ हे उत्तर घ्या. पुण्यात याचा अर्थ बहुधा वडापावची किंवा भुर्जीची हातगाडी. ट्रक उभे असतात त्या नाक्यावर हेच उत्तर ड्रायव्हरचं किंवा क्लीनरचं असतं. ऊसतोडीच्या पट्ट्यात गाडी म्हणजे बैलगाडी, तिथले लोक गाडी सेंटर आणि डोकी सेंटर असा फरक करतात. एका वाक्याचे तीन-चार कोड. चांगला अन्वेषक लगेच विचारतो, “कसली गाडी?” यंत्राला हेच शिकवायला हवं. त्याने एक उत्तर ठोकून न देता सांगावं की मला या तीन शक्यता वाटतात, आणि हा एक प्रश्न विचारलात तर मी नक्की सांगेन. हे तंत्राच्या आवाक्यातलं आहे. पण पडद्यावर पहिल्या क्रमांकाला जे येतं तेच घाईत निवडलं जातं, हेही मी त्या व्हरांड्यात पाहिलं आहे. तशी निवड झाली की तीच पुढच्या वर्षी यंत्राच्या शिकवणीत ‘बरोबर उत्तर’ म्हणून जाते. दोन-तीन फेऱ्यांत चूकच रूढ होते आणि मग ती दुरुस्त करायला पुराव्याला मूळ शब्दही नसतात. मूळ शब्द ठेवायचे ते याचसाठी.

यंत्र किती बरोबर आहे हे सांगताना सरासरी सांगतात. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने कामाच्या जागी होणाऱ्या इजांच्या पाहणीत २०१४ पासून यंत्राकडून कोड टाकून घ्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांत बहुतांश कोड यंत्रच टाकू लागलं. तिथे ते नीट बसलं. आपल्याकडे नव्वद टक्के बरोबर असं कोणी म्हणालं तर मला लगेच विचारावंसं वाटेल, उरलेले दहा टक्के कोण? कारकून, शिक्षक, ड्रायव्हर यांचे कोड यंत्र पटापट टाकेल, कारण ती नावं सगळीकडे सारखी आहेत. चुका साठतील त्या बायकांच्या कामांत, हंगामी कामांत, वऱ्हाडी आणि अहिराणी बोलणाऱ्यांच्या उत्तरांत. म्हणून चुकीचं प्रमाण जिल्ह्यानुसार, स्त्री-पुरुषांनुसार, बोलीनुसार वेगळं छापलं गेलंच पाहिजे. सरासरी छापून चालणार नाही.

एका धोक्याबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. आपल्या मातीत व्यवसायांचं वर्गीकरण सरकारच्या आधी शेकडो वर्षं होतं. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार. त्यात कामाचं नाव तेच जातीचं नाव होतं, आणि माणूस जन्मायच्या आधी त्याचा रकाना ठरलेला असे. सुताराचं पोर सुतार, परटाचं पोर परीट, आणि ज्यांच्या वाट्याला मेलेली ढोरं ओढणं आलं त्यांना ते नाकारायची सोय नव्हती. तो रकाना मोडायला या महाराष्ट्राने फार मोठी किंमत दिली आहे. आता यंत्राला आडनाव आणि काम हे दोन्ही एकत्र दिले तर ते शिकेल काय? आकडेवारीत आजही सफाईच्या कामात कोणत्या समाजाचे लोक जास्त आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. यंत्र तो धागा पकडेल आणि उत्तर अस्पष्ट असलं की आडनावावरून कोड सुचवील. मुलाने ‘महापालिकेत आहे’ एवढंच सांगितलं, तर एका आडनावाला ते लिपिक सुचवील आणि दुसऱ्याला सफाई कामगार. मुद्दाम कोणी केलेलं नसेल, तरी तोच जुना रकाना परत आलेला असेल. म्हणून नाव, आडनाव, जात, वस्तीचा पत्ता यांतलं काहीही कोड टाकणाऱ्या यंत्रापर्यंत पोचता कामा नये. नियम म्हणून, कायद्याने. याला अपवाद नको.

अंकांची यादी सारखी बदलली तर दहा वर्षांपूर्वीशी तुलना कशी करायची, ही सांख्यिकीच्या लोकांची हरकत मला मान्य आहे. मी त्यांच्यातलीच आहे. त्यावर उपाय आहे आणि तो एस्कोच्या पर्यायी नावांतच दिसतो. वरचे चार अंक स्थिर ठेवा, ते दहा-पंधरा वर्षांनी जगाबरोबर बदला. खाली मात्र नावांची एक वही ठेवा, ती दर तीन महिन्यांनी वाढत राहू द्या. ‘कोयता’, ‘डोकी सेंटर’, ‘बोरची गाडी’, ‘डिलिव्हरी’, ‘फॉलबिडिंग’ या नावांना त्या वहीत जागा द्या आणि प्रत्येकासमोर आज कोणता कोड लागतो ते लिहा. यंत्राचं काम वही भरण्याचं: नवे शब्द शोधणं, एकाच कामाची पाच गावची पाच नावं जुळवणं, एखाद्या नावाखाली दोन वेगळी कामं दडली आहेत का ते दाखवणं. वहीत एखादं नाव फुगलं, की पुढच्या आवृत्तीत त्याला स्वतःचा खण द्यायचा का, हे ठरवायला पुरावा तयार असेल. आणि पुढे कोणी विचारलं की दहा वर्षांपूर्वी ऊसतोडीचे किती लोक होते, तर शब्दांवरून मागे जाऊन मोजता येईल. आज ते शक्य नाही.

वेगळं मोजल्याने काय हाती लागतं ते बीडनेच दाखवलं आहे. २०१९ साली तिथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा राज्य सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या साडेतेरा हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. खाडा परवडत नाही, पाळीतही मोळ्या उचलाव्या लागतात, म्हणून तिशीतच पिशवी काढून टाकणाऱ्या बाया त्यांत होत्या. हा आकडा नेहमीच्या कुठल्याही पाहणीतून निघाला नसता. ९२१ च्या खणात त्या बाया शेतमजूर होत्या आणि शेतमजुरांच्या सरासरीत त्यांचं दुखणं विरघळून गेलं असतं. कोणीतरी ‘तुम्ही ऊसतोडीला जाता का?’ असं विचारलं, म्हणून तो आकडा हाती आला.

यंत्राच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती मला मोलाची वाटते. त्याला नीट वर्णन दिलं तर ते पदनामाला भुलत नाही. आशा ताईंचं पाहा. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सामुदायिक आरोग्य कार्यकर्ते ३२५३ मध्ये येतात, म्हणजे तिसऱ्या मोठ्या गटात, तंत्रज्ञ आणि त्यांच्या बरोबरीच्या व्यावसायिकांच्या रांगेत. आपल्याकडे २००५ पासून ती ‘स्वयंसेविका’ आहे आणि तिला मिळतं ते मानधन आणि कामागणिक मोबदला. ती गरोदर बाईची नोंद ठेवते, लसीकरणाला घरोघर बोलावते, क्षयाच्या रुग्णाला गोळ्या देते, नवजात बाळाचं वजन करते, आणि रात्री अपरात्री बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जाते. ही वर्णनं यंत्रापुढे ठेवली तर ते तिला आरोग्य कर्मचाऱ्यांच्या शेजारी नेऊन बसवेल, ‘स्वयंसेविका’ हा शब्द तिला वाचवणार किंवा बुडवणार नाही. वेतनाचा वाद त्याने सुटणार नाही हे मला कळतं. पण आशांच्या संघटनेला सरकारसमोर मांडायला तो एक भक्कम कागद असेल.

संघटनांचं नाव निघालं म्हणून सांगते, या सगळ्यात शेवटचा शब्द कोणाचा असावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्याआधी कचऱ्यातून भंगार वेचणाऱ्या बायांना लोक काय काय म्हणायचे ते इथे लिहवत नाही. पोलीस चोर समजून हटकायचे. पंचायतीने ‘कचरावेचक’ हे नाव धरलं, महापालिकेकडून ओळखपत्रं मिळवली आणि पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत त्याच बायांनी दारोदारचा कचरा गोळा करण्याचा करार केला. आंतरराष्ट्रीय यादीतही २००८च्या आवृत्तीत कचरा वेगळा करणाऱ्यांना ९६१२ हा स्वतःचा गट मिळाला. पुण्याच्या बायांनी आपलं नाव त्याच्या कितीतरी आधी ठरवलं होतं. हमाल आणि माथाडींच्या बाबतीतही तसंच: १९६९चा माथाडी कायदा आला तो बाजारातल्या कामांची नावं एकेक करून लिहूनच. भरणं, उतरवणं, थप्पी लावणं, तोलणं, मापणं, पोती शिवणं, निवडणं. ती नावं बाजारात राबणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातली होती, कोणी समितीत बसून घडवलेली नव्हती.

तेव्हा यंत्राने सुचवलेलं प्रत्येक नवं नाव, प्रत्येक बदल त्या कामातल्या माणसांसमोर ठेवला जावा आणि त्यांची हरकत नोंदवून उत्तर दिलं जावं. नावांची वही कोणालाही पाहता यावी, मराठीत. एखाद्या बाईला आपल्याला लावलेला कोड चुकीचा वाटला, तर तो बदलून मागता यावा, जशी रेशनकार्डावरची चूक दुरुस्त करून मागता येते. खर्चाचं कारण कोणी पुढे करू नये. एका माणसाचं उत्तर म्हणजे पाच-दहा शब्द; कोट्यवधी उत्तरं साठवायला जी जागा लागते ती आज किरकोळ आहे. आवाजावरून मराठी लिहून घेणारी साधनं आहेत, ती बोलीत चुकतात हे खरं, पण वापरली तरच सुधारतील.

आणि हे सगळं बोलायची वेळ आत्ता आहे. २०२७ची जनगणना पहिल्यांदाच डिजिटल पद्धतीने होते आहे, संदर्भ दिनांक १ मार्च. प्रगणक मोबाइल घेऊन दारात येईल. त्या ॲपमध्ये व्यवसायाच्या प्रश्नाखाली यादीबरोबरच उत्तर जसंच्या तसं लिहायला एक रिकामी ओळ असावी, आणि ती ओळ नाव-पत्त्यापासून तोडून कायमची जपली जावी, एवढीच मागणी आपापल्या आमदार-खासदारांकडे, जनगणना कार्यालयाकडे आपण केली पाहिजे. याच जनगणनेत जातही विचारली जाणार आहे, म्हणून तोडून ठेवण्याचा मुद्दा मी पुन्हा सांगते आहे.

१ मार्चला ती बाई गावात नसेल. गाळप तेव्हा चालूच असतं. प्रगणकाला ती कुठल्यातरी कारखान्याच्या आवारात, पाचटाच्या कोपीत भेटेल, कदाचित नवरा दारात आणि ती फडात असताना. त्याने तिची वाट पाहावी आणि तिला विचारावं.

माझ्या वहीत तिचं उत्तर मी त्या दिवशी लिहून घेतलं आहे, रातीच्या गाडीसकट.